जुन्या डेस्कटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर: तो आहेच, अडवलंय कुणी ते शोधा

काका, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती हे उत्तर पडलं तरी संदर्भ लागेल. इंदूरला रामबागेतल्या तुमच्या वाचनालयाला देणगीत आठ जुने डेस्कटॉप मिळाले. भाच्यानं त्यांवरचं विंडोज ७ काढून लिनक्स मिंट टाकलं. मॉनिटर मात्र नवे घेतले, साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ चे. सहा यंत्रांवर चित्र १०२४ बाय ७६८ च्या पुढे जात नाही, ग्रंथयादी भरताना अनुस्वार आणि रफार फिसकटलेले दिसतात, यूट्यूब अडखळतं. उरलेल्या दोन यंत्रांची अवस्था त्याहून वाईट, तिथे ८०० बाय ६०० आणि खिडकी सरकवली तरी ती घरंगळत येते. आणि तुम्ही विचारलंय की याचा ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचा.

कुठूनच नाही. विंडोजच्या काळात कंपनीच्या सीडीवरून किंवा संकेतस्थळावरून ड्रायव्हर आणून बसवायची सवय आपल्या सगळ्यांना लागली, पण लिनक्समध्ये जुन्या चिपसेटचा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतच येतो. तुमच्या सहा यंत्रांत तो आत्ताही आहे. तो काम करत नाही याचं कारण कुणीतरी त्याला अडवलंय, आणि आपलं काम तो अडवणारा शोधणं हे आहे. 'ड्रायव्हर अपडेट करून देतो' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी तर अजिबात लागू नका.

आता ओळख पटवण्यापासून सुरू करू. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत येतील; व्हीजीए, एलव्हीडीएस, एसव्हिडिओ ही जोडण्यांची नावं मात्र मोठ्या अक्षरांत.) टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ला 'एनएनके' हा पर्याय लावून चालवा आणि त्यात 'व्हीजीए' असलेली ओळ शोधा. तिथे चौकटी कंसात दोन आकडे दिसतील. पहिला आकडा कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल (त्यांनी आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा ओळखक्रमांक म्हणून घेतला), १००२ म्हणजे एटीआय, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०३९ म्हणजे सिस, ११०६ म्हणजे व्हिया. दुसरा आकडा नेमक्या चिपचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत सहा यंत्रांवर ८०८६:२९सी२ आहे, म्हणजे इंटेल जी३१ हा चिपसेट आणि त्यातलं जीएमए ३१०० हे ग्राफिक्स. दोघांवर १०३९ आहे, त्यांचं शेवटी बघू.

खोक्यावरच्या स्टिकरवर किंवा बिलावरच्या नावावर विसंबू नका, हा आकडाच खरा. इंटेलनं 'जीएमए ३१००' आणि 'जीएमए एक्स३१००' अशी दोन नावं काढली; पहिलं तिसऱ्या पिढीचं, दुसरं चौथ्या पिढीचं, आणि दोघांचे ड्रायव्हर वरच्या थरात वेगळे. एनव्हिडियाचं जीफोर्स ८४०० जीएस तर तीन वेगवेगळ्या चिपवर विकलं गेलं. एका नावासाठी लिहिलेली कृती दुसऱ्या चिपवर चालवून लोक दोन दिवस डोकं फोडतात ते यामुळेच.

त्याच ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहून येतं. जी३१ साठी तिथे 'आय९१५' हवं. ते असेल तर पुढचे चार परिच्छेद सोडून थेट केबलपाशी या. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर झोपवलेला आहे, आणि झोपवणारा बहुतेक वेळा एकच असतो: 'नोमोडसेट'.

मिंट बसवताना पडदा काळा झाला की लोक 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडतात. तो मोड कर्नलला 'नोमोडसेट' हा शब्द देतो. त्याचा अर्थ असा की कर्नलनं ग्राफिक्स चिपला हात लावायचा नाही, बायोसनं (मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीनं) जे चित्र उभं करून दिलं त्यावरच भागवायचं. प्रणाली बसवून होईपर्यंत हे ठीक. पण तोच शब्द बरेचदा बसवलेल्या प्रणालीच्या ग्रबमध्येही (लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्येही) उतरतो आणि कायमचा मुक्कामाला राहतो. मग सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो. खात्री करायची तर 'जीएलएक्सइन्फो' ला मोठं 'बी' लावून बघा. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर प्रोसेसरच राबतोय. नोमोडसेट हा निदानाचा उपाय आहे, इलाज नव्हे. इंटरनेटवर तो इलाज म्हणून इतका सर्रास सुचवला जातो की इंदूरात माझ्याकडे येणाऱ्या 'स्लो' लिनक्स यंत्रांत मी आधी तोच शोधतो.

काढायचा कसा? आधी एकदाच चालवून बघा: यंत्र सुरू होताना शिफ्ट दाबून ग्रबचा मेन्यू आणा, 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीतला नोमोडसेट खोडा आणि एफ१० दाबा. चित्र नीट आलं तर मग 'इटीसी' मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातल्या 'ग्रब' फाइलीतून तो कायमचा काढा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. फाइल बदलून हे शेवटचं विसरलात तर काहीच बदलणार नाही.

चित्र नीट न येता पडदा पुन्हा काळा झाला तर? इंटेलच्या या पिढीवर एक जुनं दुखणं आहे. डेस्कटॉपला लॅपटॉपचा पडदा नसतो, तरी काही मदरबोर्डांचा बायोस सांगतो की तो जोडलेला आहे. कधी एस-व्हिडिओची टीव्ही जोडणी असल्याचं सांगतो. मग कर्नल चित्र त्या भुताटकीच्या पडद्याकडे पाठवतो. 'एक्सरँडआर' या पडद्यांची यादी देणाऱ्या आज्ञेत तुमच्या व्हीजीएसोबत 'एलव्हीडीएस' नाही तर 'एसव्हिडिओ' हे 'कनेक्टेड' दिसलं तर हेच झालंय. ग्रबच्या त्याच ओळीत 'व्हिडिओ' बरोबरचं चिन्ह, त्या जोडणीचं नाव, अपूर्णविराम आणि 'डी' असं लिहिलं की ती जोडणी बंद होते. नोमोडसेटच्या जागी खरं औषध हे.

दुसरा अडवणारा म्हणजे जुनी 'झॉर्ग डॉट कॉन्फ' फाइल. झॉर्ग (रोमनमध्ये 'एक्स' नं सुरू होतं) किंवा नुसतं एक्स म्हणजे लिनक्सवर पडदा रंगवणारी प्रणाली, आणि ही तिच्या सेटिंगांची फाइल. २००५-०८ च्या सुमाराला ही फाइल हातानं लिहिल्याशिवाय पडदा उजळत नसे, आणि त्या काळचे धडे अजून नेटवर फिरतात. आज ती फाइल नसणं हीच निरोगी अवस्था. कुणी त्यात ड्रायव्हर म्हणून 'व्हेसा' (बायोसच्या मोडांवर भागवणारा साधा ड्रायव्हर) लिहून ठेवलं असेल आणि कर्नलमध्ये आय९१५ चालू असेल, तर व्हेसा ते यंत्र हाती घ्यायला नकार देतो आणि तुम्हाला तो प्रसिद्ध 'नो स्क्रीन्स फाउंड' संदेश मिळतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून काळ्या कन्सोलवर जा, लॉगिन करा, त्या फाइलीचं नाव बदला, यंत्र पुन्हा सुरू करा. पुसू नका, नाव बदला. आत कुणाच्या तरी कामाच्या नोंदी असतात. आणि कधी फाइलीत 'बसआयडी' लिहायची वेळ आलीच तर ध्यानात ठेवा: एलएसपीसीआय तो आकडा षोडशमान पद्धतीत दाखवतं, झॉर्गला तो दशमानात लागतो. तिथलं '०ए' इथे १० होतं.

आता केबल. तुमच्या सहा यंत्रांत मला खरा संशय इथेच आहे, कारण १०२४ बाय ७६८ हा आकडा बोलका आहे. मॉनिटरकडून काहीच माहिती आली नाही तर कर्नल सावधगिरीनं तेवढ्यापर्यंतचेच मोड देतो. प्रत्येक मॉनिटरमध्ये १२८ बाइटचा एक ठोकळा असतो, त्याला एडिड म्हणतात. मी कोण, माझा मूळ आकार काय, किती वारंवारता पेलतो, हे सगळं त्यात असतं. व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या दोन पिनांवरून ही माहिती संगणकाला जाते. स्वस्तातल्या केबलींत नेमक्या याच दोन तारा गाळलेल्या असतात. चित्र तर येतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. एका संगणकाचं चित्र दोन मॉनिटरांना वाटणारे डबेसुद्धा ही माहिती खातात. पिन ९ नसेल तर घाबरू नका, ती पुष्कळ चांगल्या केबलींतही नसते.

एडिड येतंय का ते असं बघा: 'एसवायएस' फोल्डरातल्या 'क्लास', त्यातल्या 'डीआरएम', त्यातल्या 'कार्ड०-व्हीजीए-१' मध्ये 'एडिड' नावाची फाइल असते. (क्रमांक ० ऐवजी १ असू शकतो.) तिचा आकार 'एलएस' नं बघू नका, तो नेहमी शून्यच दाखवतो. 'डब्ल्यूसी' ला 'सी' लावून बाइट मोजा. १२८ किंवा २५६ आलं तर मॉनिटर बोलतोय. शून्य आलं तर सेटिंगांशी खेळण्याआधी केबल बदला. नव्या मॉनिटरच्या खोक्यात आलेली केबल वापरा, जुन्या मॉनिटरची उरलेली नव्हे. वाकलेली पिन असेल तर सुईनं हळूच सरळ करता येते. मला वाटतं, सहापैकी निदान काही यंत्रं एवढ्यावरच सुधारतील.

केबल बदलूनही शून्यच येत असेल, तर मोड हातानं द्यावा लागेल. इथे लोक 'सीव्हीटी' या मोडचे आकडे काढणाऱ्या आज्ञेला १३६६ आणि ७६८ देतात आणि उत्तरात १३६८ बघून गोंधळतात. सीव्हीटीच्या गणितात रुंदी आठच्या पटीत लागते. १३६६ ला आठानं भाग जात नाही, म्हणून ते १३६८ वर जातं. चित्राच्या कडेचे दोन पिक्सेल मग मॉनिटरला दाबून बसवावे लागतात आणि सगळी अक्षरं किंचित धूसर होतात. त्यापेक्षा व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणित यादीतला मोड घ्या: पिक्सेल क्लॉक ८५.५०, आडवे आकडे १३६६, १४३६, १५७९, १७९२, उभे आकडे ७६८, ७७१, ७७४, ७९८, आणि दोन्ही सिंक 'प्लस'. याचं गणित करून बघता येतं. ८५.५० मेगाहर्ट्झला १७९२ नं भागलं की ४७.७ किलोहर्ट्झ ही आडवी वारंवारता येते, तिला ७९८ नं भागलं की जवळजवळ ६० हर्ट्झ. मॉनिटरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत हे दोन्ही बसतात ना तेवढं ताडून घ्या. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर तर हे ताडल्याशिवाय हातानं मोड देऊच नये.

एक्सरँडआरला 'न्यूमोड' नं हे आकडे शिकवायचे, 'ॲडमोड' नं व्हीजीएच्या जोडणीला चिकटवायचे, मग 'आउटपुट' आणि 'मोड' नं चालू करायचं. जोडणीचं नाव मात्र आधी एक्सरँडआर नुसतं चालवून बघा. इंटेलचा जुना एक्स ड्रायव्हर तिला 'व्हीजीए१' म्हणतो, नवा 'मोडसेटिंग' ड्रायव्हर 'व्हीजीए-१' म्हणतो. एका यंत्रावर चाललेली स्क्रिप्ट शेजारच्यावर न चालण्याचं कारण कित्येकदा ही एक आडवी रेघ असते. चित्र आलं पण एका बाजूला सरकलं, तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. व्हीजीए ही ॲनालॉग जोडणी आहे, चित्र कुठून सुरू होतं ते मॉनिटरला पुन्हा मोजावं लागतं.

एक्सरँडआरचं सगळं यंत्र बंद करताच पुसलं जातं. कायमचं करायचं तर हेच आकडे 'झॉर्ग डॉट कॉन्फ डॉट डी' या फोल्डरातल्या छोट्या फाइलीत 'मॉनिटर' विभागात मोडलाइन म्हणून लिहा आणि 'प्रिफर्डमोड' त्याला द्या. मला याहून आवडणारा मार्ग वेगळा आहे, कारण तुमचे सगळे मॉनिटर एकाच मॉडेलचे आहेत. ज्या यंत्रावर एडिड नीट येतंय तिथली ती १२८ बाइटची फाइल उचला, अडलेल्या यंत्रावर 'लिब' मधल्या 'फर्मवेअर' मध्ये 'एडिड' फोल्डर करून तिथे ठेवा, आणि ग्रबच्या ओळीत 'डीआरएम डॉट एडिड_फर्मवेअर' ला त्या जोडणीचं आणि फाइलीचं नाव द्या. आय९१५ फार लवकर जागा होत असेल तर ही फाइल सुरुवातीच्या छोट्या प्रणालीत, म्हणजे इनिटरामएफएसमध्येही घालावी लागते. फायदा असा की कन्सोलपासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत सगळीकडे बरोबर आकार मिळतो, आणि उद्या कुणी डेस्कटॉप बदलला तरी काही बिघडत नाही.

तुमचे अनुस्वार का फिसकटत होते तेही यातूनच कळेल. १०२४ चं चित्र १३६६ वर ताणलं की प्रत्येक अक्षर एक तृतीयांशानं रुंद होतं, आणि एका पिक्सेलचा ठिपका दोन पिक्सेलांत अर्धाअर्धा वाटला जातो. रोमन अक्षरं त्यातून निभावतात. देवनागरीत वरच्या अनुस्वारात आणि रफारात अर्थ असतो, तिथे निभत नाही. मूळ आकार मिळाला की फॉन्ट बदलायची गरज राहणार नाही.

आता वेगाबद्दल. जी३१ वर मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप चालवू नका, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका आणि त्याच्या 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' मधला कंपोझिटर (खिडक्यांना सावल्या वगैरे देणारा भाग) बंद करा. २०२२ मध्ये मेसा (लिनक्सच्या थ्रीडी ड्रायव्हरांचा संच) २२.० नं खूप जुने थ्रीडी ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून 'अँबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले, रेडिऑन ७००० आणि ९२०० सारख्यांचे. तुमच्या चिपचा नवा ड्रायव्हर मुख्य शाखेत टिकला, तेव्हा त्याची चिंता नको. टूडीसाठी मात्र तिसऱ्या पिढीवर मी अजूनही इंटेलचा जुना एक्स ड्रायव्हर पसंत करतो. पान सरकवताना मधोमध चीर दिसत असेल तर त्याच्या 'डिव्हाइस' विभागात 'टेअरफ्री' चालू करा. अक्षरं कधी कधी तुकड्यातुकड्यांत दिसली तर 'ॲक्सेलमेथड' ला 'यूएक्सए' देऊन बघा. हळू आहे, पण स्थिर.

बायोसमध्ये जाऊन 'व्हिडिओ मेमरी वाढवा' हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. त्यानं फरक पडत नाही. ड्रायव्हर लागेल तेवढी रॅम स्वतः घेतो, तुम्ही फक्त बाकीच्या कामांची रॅम कमी करता. त्यापेक्षा २ जीबीच्या एका पट्टीऐवजी १ जीबीच्या दोन जुळ्या पट्ट्या लावा, म्हणजे ड्युअल चॅनेल चालू होतो. या चिपला स्वतःची मेमरी नाही, त्यामुळे मुख्य रॅमचा वेग हाच तिचा वेग.

यूट्यूबचं गाऱ्हाणं ड्रायव्हरनं मिटणार नाही. जीएमए ३१०० मध्ये आजचे व्हिडिओ उलगडायची सोयच नाही, डीव्हीडीच्या एमपेग-२ ला थोडा हातभार लावते इतकंच. बाकी सगळं प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये एच२६४ ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाका आणि ४८० वर बघा, वाचनालयात तेवढं पुरे.

विंडोजकडे परत जावं का, असंही तुम्ही विचारलंय. नको. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ या यंत्रांवर अधिकृतपणे चालतच नाही.

राहिली ती दोन सिस यंत्रं. इथे मात्र कुणीही ड्रायव्हरला अडवलेलं नाही. त्या चिपला कर्नलमध्ये आधुनिक ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. सिसचा अगदी जुना थ्रीडीचा सांगाडा होता, तोही २०२३ मध्ये कर्नल ६.३ मधून काढला गेला, सॅव्हेज आणि व्हियाच्या जुन्या भाईबंदांसोबत. आता व्हेसावर चालायचं, म्हणजे व्हिडिओ बायोसमध्ये जे मोड छापलेत तेवढेच. १३६६ त्यात नसतो आणि एक्सरँडआरनं शिकवताही येत नाही. नेटवर या चिपसाठी पॅच केलेले ड्रायव्हर सापडतील, ते एका विशिष्ट एक्स आवृत्तीपुरते असतात. त्यावर वेळ घालवू नका.

यंत्र उघडून स्लॉट बघा. लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असेल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जुन्या कार्डांची चौकशी करा आणि रेडिऑन एचडी ५४५० मागा. पंखा नसलेलं मिळतं, १९ वॉटमध्ये भागतं, वेगळी वायर लागत नाही, आणि कर्नलमधला 'रेडिऑन' ड्रायव्हर ते नीट चालवतो. त्याला फर्मवेअरच्या फाइली लागतात. मिंटमध्ये त्या असतात, पण डेबियनची जुनी आवृत्ती टाकलीत तर वेगळ्या घ्याव्या लागतील. दुकानदार जीफोर्स २१० पुढे करेल. विंडोजसाठी चांगलं कार्ड, पण त्याच्या ड्रायव्हरची ३४० मालिका एनव्हिडियानं २०१९ अखेर बंद केली आणि नव्या कर्नलवर ती पॅच लावल्याशिवाय बसत नाही. उरतो नूवो हा कर्नलमधला मुक्त ड्रायव्हर, तो या कार्डाला बहुधा कमी वेगावरच ठेवतो. जुनं कार्ड आणि लिनक्स म्हटलं की मी रेडिऑनच घ्यायला सांगतो. स्लॉट एजीपीचा (पीसीआय एक्स्प्रेसच्या आधीचा) निघाला तर त्या यंत्रावर खर्च करू नका, त्याला शब्दकोश आणि ग्रंथयादी बघण्यापुरतं ठेवा.

कार्ड बसवण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो संपलेला असला की प्रत्येक वेळी बायोस मूळपदावर येतो, 'इनिट डिस्प्ले फर्स्ट' पुन्हा ऑनबोर्डवर जातं आणि नवं कार्ड मेलेलं वाटतं. तारीखही मागे जाते, मग अपडेट नाकारले जातात आणि तुम्ही नेटला दोष देत बसता. सेल बदलून झाला की त्या सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेस निवडा, आणि मॉनिटरची केबल जुन्या तोंडातून काढून कार्डाच्या तोंडात लावा.

एवढं करून सहांपैकी एखादं अडलंच, तर 'व्हार' मधल्या 'लॉग' फोल्डरातली 'झॉर्ग डॉट ० डॉट लॉग' फाइल (हिचं पहिलं अक्षर मोठं) आणि 'डीएमईएसजी' या आज्ञेतल्या 'डीआरएम' लिहिलेल्या ओळी पाठवा. लॉगमध्ये 'ईई' खुणेच्या ओळी आधी बघा, 'डब्ल्यूडब्ल्यू' च्या बहुतेक दुर्लक्ष करण्याजोग्या असतात. लॉगचे फोटो पाठवू नका, त्यांतून मला काही कळत नाही.